मितिनीशी भांडायचं नसतं

आमच्या नेपाळी डोंगरातल्या पात्लेखर्कात घरं एकाखाली एक. वरच्याच्या अंगणातला मुळा निसटला की तो खालच्याच्या छपरावर येऊन थांबतो. माझं घर हर्कमाया भाउजूच्या, म्हणजे वहिनीच्या, घराच्या बरोब्बर खाली आहे. मुळे वर्षातून दोन-चार येतात, भाउजूचे शब्द रोज येतात. सकाळी अरुण नदीतनं धुकं उठतं, कोदोची, म्हणजे नाचणीची, खाचरं गिळत गिळत वर येतं, आणि आपलं अंगण कुठं संपतं तेही दिसेनासं होतं. अशा वेळी वरच्या पांढऱ्या पोकळीतनं भाउजूचा आवाज येतो. कोंबडीला, शेजाऱ्याला, पावसाला, मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या पोराला, जो आठवेल त्याला. माझी बायको म्हणते, भाउजू बोलायला लागली की समजायचं उजाडलं.

तिचा धंदा अल्लोचा. अल्लो म्हणजे जंगलातलं खाजरं झाड. उघड्या हातानं धरलं तर दिवसभर आग होते. त्याची साल सोलायची, राखेच्या पाण्यात शिजवायची, ओढ्यावर बडवायची, आणि मग टकळीवर सूत काढायचं. भाउजू चालता चालता सूत काढते. पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, कपाळावर तिचा पट्टा, हात मोकळे, टकळी गरगरतेय. हातातली टकळी आणि तोंडातली टकळी दोन्ही एकदम थांबल्याचं मी तीस वर्षांत दोनदाच बघितलं. ते पुढं सांगतो.

तिला मितिनी नव्हती.

आमच्याकडं पोरगी आठ-नऊ वर्षांची झाली की आई तिला मितिनी बघते. दोघींनी एकमेकींना टिळा लावायचा, माळा घालायच्या, कापड आणि नाणं द्यायचं. झाल्या बहिणी, सख्ख्यांच्या वरच्या. मग जन्मभर मितिनीचं नाव घ्यायचं नाही, तिला अगं-तुगं करायचं नाही, दिसली की आधी वाकायचं. आणि भांडायचं तर मुळीच नाही. हे नातं सुटत नाही, सात पिढ्या चालतं.

हर्कमायाच्या आईनं दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती नऊ वर्षांची होती. विधी निम्मा झाला असताना दोघी पोरी लाल फितीवरनं एकमेकींच्या झिंज्यांना लागल्या. दुसऱ्यांदा एकोणीसची होती, आणि आदल्या दिवशी होणाऱ्या मितिनीच्या बकरीनं हिचं सूत खाल्लं. त्यावर ही जे बोलली ते ऐकून ती पोरगी पलीकडच्या डोंगरातच लग्न करून गेली म्हणतात. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

तिनंही कधी विषय काढला नाही. पण नवरा वारला तेव्हा तिला काय कमी आहे ते मला कळलं. आमच्या गावात दुःखाच्या घरात पहिली चूल मितिनी पेटवते. तिच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं, पण फुंकणी कुणी उचलायची म्हणून सगळे एकमेकांकडं बघत उभे. शेवटी भाउजू स्वतः उठली, गोवऱ्या रचल्या, फुंकर घातली. धूर डोळ्यात गेला म्हणाली, एवढंच.

मग एका वैशाखात आमच्या शाळेत केर्तू मिस आली.

मी त्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो. सहावी ते आठवीला गणिताचा मास्तर टिकत नव्हता. कुठल्याशा संस्थेमार्फत फिनलंड नावाच्या देशातनं ही बाई वर्षभर फुकट शिकवायला आली. एकसष्ट वर्षांची, निवृत्त, दारातनं वाकून आत येईल एवढी उंच, आणि मुकी म्हणावी इतकी गप्प. भाउजूच्या पोराची खोली रिकामी होती, म्हणून तिला तिथं ठेवली. गावानं कपाळाला हात लावला. कुणी म्हणालं आठ दिवस, कुणी म्हणालं चार.

पहिल्याच संध्याकाळी मिस भिजून आली आणि तिनं आपले लोकरीचे मोजे चुलीच्या दगडावर वाळत घातले. आम्हा राई जमातीच्या घरात चुलीचे तीन दगड म्हणजे घरातली गेलेली माणसं. परक्यानं त्यांना पाय सोडा, हातसुद्धा लावायचा नसतो.

माझ्या छपरावर आवाज कोसळला. "आगं ए लांबडे! त्यो दगड म्हंजी माझा आजेसासरा हाय! त्येच्या डोस्क्यावर मोजं वाळत घालतीस व्हय?"

मग एक नवा, सावकाश आवाज, पुस्तकातनं इस्त्री करून काढल्यासारखा. "आजेसासरे, मला क्षमा करा. मोजे ओले होते."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर भाउजू माझ्या बायकोला म्हणाली, "बाई येडी दिसतीया. माझी नव्हं, दगडाची माफी मागितली." आणि जरा थांबून, "बरोबरच हाय म्हणा तसं. अपमान त्येचाच झालता."

तिथनं सुरू झालं. भाउजू बोलायची, मिस ऐकायची. मिस आपल्या देशात एक वर्ष नेपाळी शिकली होती, पण ती पुस्तकी. इथली भाषा ती भाउजूच्या शिव्यांतनं शिकली. आषाढात मी वर्गाबाहेरनं जात होतो तर आतनं ऐकू आलं, "आरं, खांद्यावर डोस्कं हाय का वाळला भोपळा? तीन अष्टं किती?" पोरं हसून लोळत होती. मिस गंभीर. तिला वाटायचं, गणित विचारायची इथली हीच रीत असेल.

भाउजूला स्वप्नं फार पडतात. आणि आमच्याकडं बायकांची समजूत अशी की पडलेलं स्वप्न सकाळी चूल पेटायच्या आत सांगून टाकावं, नाहीतर ते पोटात राहतं आणि आंबतं. नवरा होता तोवर तो ऐकायचा. तो गेल्यावर भाउजू कोंबड्यांना सांगायची. आता घरात माणूस होतं, आणि स्वप्नातही तेच माणूस यायला लागलं.

"काल माझी टकळी घिऊन कुटं पळालीस गं?" भाउजूनं एका सकाळी विचारलं. धुक्यामुळं दोघी दिसत नव्हत्या, पण प्रत्येक शब्द माझ्या अंगणात पडत होता.

"मी झोपले होते," मिस म्हणाली.

"झोपली व्हतीस ती हितं. तकडं न्हाई. तकडं नदीच्या वाळूनं निगाली व्हतीस, हातात माझी टकळी. मी हाका मारतीया, तर वळून बघशील तर शपथ."

मिसनं विचार केला असावा. मग म्हणाली, "माझ्या पायात चपला होत्या का?"

"न्हवत्या."

"मग मीच. वाळूत मी चपला घालत नाही." आणि अगदी मनापासून, "चुकलं माझं. पुन्हा आले तर टकळी ठेवून जाईन."

दुसऱ्या सकाळी भाउजू उंबऱ्यातनंच ओरडली, "आली व्हतीस! ठेवली न्हाईस!"

माझी बायको हसून हसून दुधाचं भांडं सांडून बसली. पण मी ऐकत राहिलो. स्वप्नातल्या गुन्ह्याची जागेपणी माफी मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तो सगळा पावसाळा असाच गेला. कधी मिसनं स्वप्नात शाळेची घंटा गळ्यात बांधून बकऱ्यांमागं धाव घेतली, कधी भाउजूचा हातमाग मोडून त्याची होडी केली. रोज आरोप, रोज उलटतपासणी. हळूहळू मिसही उलटून बोलायला लागली.

"तुमच्याकडं थंडीत सूर्व्य उगवत न्हाई म्हनतीस," भाउजू म्हणायची. "किती दीस?"

"दीड महिना."

"मग कोंबडं कवा आरवतं?"

"आमच्याकडे कोंबडं नाही. कुत्रं आहे."

"सूर्व्य न्हाई, कोंबडं न्हाई. म्हनूनच हिकडं पळून आलीस."

"तुझी शिवी ऐकायला आले," मिस म्हणाली. "तिकडे कोणी फुकट देत नाही."

भाउजूचं हसू फुटलेलं मी त्या दिवशी ऐकलं. खडबडीत हसणं, वापरात नसलेल्या दारासारखं.

मंसीर महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, मिस शाळेत माझ्याजवळ येऊन बसली. "मास्तर, मितिनी व्हायला काय लागतं?"

मी म्हणालो, "टिळा, माळ, कापड. आणि भांडण सोडावं लागतं."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

गावातले विधी करणारे कर्णध्वज बाजे, म्हणजे आजोबा, मात्र भाउजूला समोर बसवून स्पष्ट म्हणाले, "हर्कमाया, दोनदा मोडलंय तुझं. झेपंल का? परत न्हाई फिरायचं."

"साठीला टेकले, बाजे," भाउजू म्हणाली. "भांडून भांडून जीभ झिजली. आता न्हाई तर कवा? मला मेल्यावर चूल पेटवाय कुनी नको हाय. जित्तेपनी एकदा कुनीतरी माझी म्हना."

मितिनी करताना चेहरामोहरा जुळणारी बघतात. या दोघी शेजारी उभ्या राहिल्या की शिडी आणि पाट. तरी झालं. मध्ये कापड धरलं, टिळे लागले, सयपत्रीच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घातल्या. भाउजूनं स्वतः विणलेला अल्लोचा शेला दिला, मिसनं आपल्या आईचं चांदीचं बटण दिलं. कापड दूर झालं तसं दोघी एकदम वाकल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. सगळं गाव हसलं. भाउजूच्या ओठांवर शिवी आली होती. मी बघितली. तिनं ती गिळली आणि हात जोडून, आदराचा 'ज्यू' लावून म्हणाली, "लागलं न्हाई ना आपल्याला, मितिनीज्यू?"

ती पहिली गिळलेली शिवी.

दुसऱ्या सकाळी धुकं वर आलं आणि त्यातनं काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी बायको मला म्हणाली, "वर कोन वारलं का हो?"

वर दोन म्हाताऱ्या कोदोच्या पिठाचा ढिंडो समोर ठेवून एकमेकींना वाकत होत्या. "बसावं मितिनीज्यू." "आधी आपण बसावं." "ढिंडो अजून घ्यावा." "पुरे झाला, मितिनीज्यू." मिसनं पुन्हा एकदा मोजे दगडावर ठेवले, मला वाटतं मुद्दामच ठेवले. भाउजूनं ते दोन बोटांत उचलून बाजूला ठेवले आणि हात जोडले. मिस त्या दिवशी शाळेत आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. मला म्हणाली, "मास्तर, माझ्याकडून काय चूक झाली? ती माझ्याशी बोलत नाही."

"बोलते की," मी म्हणालो.

"असं सगळ्यांशी बोलतात," ती म्हणाली. "मला आता सगळ्यांसारखं केलंय."

भाउजूची अवस्था त्याहून वाईट. स्वप्नं थांबली नव्हती. उलट दाट झाली होती. प्रत्येक स्वप्नात मितिनी यायची आणि काहीतरी आगळीक करायची. बर्फाच्या होडीत बसून अरुण ओलांडायची आणि भाउजूला काठावर सोडून जायची. चुलीचे तिन्ही दगड ओच्यात घालून डोंगर चढायची. आणि टकळी तर रोजच न्यायची. पण मितिनीला दोष लावायचा नसतो, मग स्वप्न सांगायचं कसं? ती स्वप्नं तशीच पोटात राहिली. भाउजूचं जेवण तुटलं. सूत जाड-बारीक यायला लागलं. एक दिवस मी बघितलं, ती पायवाटेवर उभी होती, टकळी हातात लोंबत होती, फिरत नव्हती. तोंडही बंद. दोनातला हा पहिला प्रसंग. आयुष्यभर मागितलेली गोष्ट मिळाली आणि तिच्याचमुळं जवळचं माणूस हरवलं, हे तिला कळलं होतं. मिस जायला तीन महिने उरले होते.

भाउजू बाजेंच्या अंगणात जाऊन बसली, मी सोबत गेलो होतो.

"बाजे, सोडवा मला ह्यातनं."

"मितेरीचं नातं सुटत न्हाई," बाजे म्हणाले. "सांगितलं व्हतं."

"मग स्वप्नं कुटं टाकू? चाळीस झाली. पोटात जागा न्हाई."

बाजेंनी तोंगबाची, म्हणजे कोदोच्या गरम दारूची, नळी तोंडात धरली, निवांत ओढली. "मितिनीला बोल लावता येत न्हाई," ते म्हणाले. "बाकी जगाला बोलायला तुला कुनी बंदी केलीया?"

भाउजू उठली आणि टकळी फिरवत घरी गेली.

दुसऱ्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की मला माझीच बायको दिसत नव्हती. आणि त्यातनं आवाज आला. आधी बारीक, घसा साफ करत.

"ए डुकरा. हां, तूच. तुलाच म्हनते, लांब तंगड्याच्या." वरच्या अंगणाच्या कडेला भाउजूचं डुक्कर होतं, काळं, गोल, त्याच्या तंगड्या वीतभर. "लाज न्हाई वाटत? मला काठावर सोडून एकलंच होडीत बसून गेलास? बर्फाची होडी! बूड गारठलं न्हाई तुझं? आन चुलीचं दगड कुटं नेलंस? माझा आजेसासरा तुझ्या ओच्यात काय करत व्हता?"

डुक्कर घुरघुरलं. वर दार वाजलं. चपला न घातलेल्या पायांचा आवाज अंगणातनं चालत खोपटापर्यंत आला आणि थांबला. बायकोनं माझा दंड धरला.

मग मिसचा आवाज. पुस्तकी नाही, आमचा. "डुकरा," ती म्हणाली, "म्हातारीला सांग, होडी छोटी व्हती. दोघी बसलो असतो तर बुडलो असतो."

"डुकरा, तिला इचार, मग परत न्यायला का आली न्हाई?"

"डुकरा, तिला सांग, म्हातारी जागी झाली. मी निम्म्या वाटेवर व्हते."

मग भाउजू म्हणाली, अगदी हळू, "आसं व्हय. लौकर उठले म्हनायची मी."

दोन तास डुकरानं चाळीस स्वप्नं ऐकली. शाळेची घंटा उशिरा झाली, कारण घंटेला जाणारा मी खालीच बसलो होतो. त्या दिवशी भाउजूनं दोन ताटल्या ढिंडो खाल्ला आणि डुकराला सांगितलं की मीठ कमी पडलंय, लांबडीचा हात आखडता आहे.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. बाजेंना कुणी विचारलं, हे रीतीत बसतं का? ते म्हणाले, "डुकरानं तक्रार केलीया का?"

चैत आला. मितिनी लांबच्या वाटेला निघाली की तिला डुकराचं मटण घालून पाठवायचं असतं. पोरं म्हणाली, भाउजू आता याला कापणार नाही. भाउजू म्हणाली, "का? त्यो काय माझा मीत हाय?" कापलं. मिसही दोनदा वाढून घेऊन जेवली. मटण चांगलं झालं होतं, ऐकून ऐकून मऊ पडलं असेल.

जीप डांड्यावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, येते. दोघी तिथपर्यंत चालत गेल्या, भाउजू सूत काढत. जीपजवळ दोघी वाकल्या, या वेळी डोकी सांभाळून. "सांभाळून जावं, मितिनीज्यू." "आपण जेवत जावं, मितिनीज्यू." एवढंच. मग भाउजूनं हातातली टकळी, निम्मं सूत तसंच गुंडाळलेलं, मिसच्या पिशवीत खोचली. जीप वळणाआड गेली तेव्हा ती तिथल्या कटुसाच्या झाडाकडं वळली. "बघितलंस?" ती झाडाला म्हणाली. "नेली शेवटी. मी आषाढापासनं सांगत व्हते."

महिन्याभरानं मिसचा निरोप आला, फोनवर बोलायचंय. आमच्याकडं आवाज फक्त डांड्यावर मिळतो, म्हणून मी शनिवारी भाउजूला वर घेऊन गेलो. फोन कानाला लावून ती ताठ बसली.

"आराम हाय ना, मितिनीज्यू?"

"आराम. आपण बऱ्या आहात ना?"

"आपल्या कृपेनं."

मग मला नुसता पलीकडचा वारा ऐकू यायला लागला. भाउजूनं फोन माझ्या हातात दिला आणि ती डांडा उतरायला लागली. सूत पुन्हा जाड-बारीक यायला लागलं. नवी टकळी आहे, हात बसायचा आहे, असं म्हणायची.

पुढच्या शनिवारी मी हाक मारली तर ती डोको घेऊन बाहेर आली. टोपलीत नवं घेतलेलं डुकराचं पिल्लू होतं.

डांड्यावर चढलो. खालनं धुकं आमच्या मागोमाग येत होतं, पायवाट पुसत. तिनं फोन मोठ्या आवाजावर करायला सांगितला आणि दगडावर ठेवला. पिल्लू माझ्या मांडीत दिलं. कान धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"ए भवाने," ती म्हणाली, "काल पुन्हा आलीस ती आलीस, माझ्या मागावर बसून काय विनत व्हतीस? आन पायात मोजं! मागावर मोजं घालून बसत्यात व्हय?"

पिल्लू केकाटलं. फोनमधनं काहीच आलं नाही. भाउजूचे डोळे दगडावर खिळले होते. टकळी थांबली होती.

मग लांबनं, खूप लांबनं, एका कुत्र्याचं भुंकणं आलं. आणि त्याच्यावर ओरडणारा आवाज, आमच्या पात्लेखर्काच्या बोलीत. "आरं ए केसाळ्या, गप! म्हातारीला सांग, मोजं वलं व्हतं. आन इचार तिला, दगडावर ठिवू देती का?"

भाउजूनं टकळीला पीळ दिला. टकळी फिरायला लागली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. भाउजूनं पाच डुकरं वाढवली आणि कापली. तिकडचं कुत्रं म्हातारं झालंय, मिस म्हणते त्याला आता ऐकू येत नाही, पण समजतं. दर शनिवारी दुपारी डांड्यावर दोघी तासभर डुकराशी आणि कुत्र्याशी बोलतात. धुकं असलं की भाउजू दिसत नाही, फक्त दोन आवाज वर-खाली होत राहतात आणि मध्ये कुठंतरी टकळीची भिरभिर. फोन ठेवायच्या आधी दोघी वाकून "येते मितिनीज्यू" म्हणतात. मिस तिकडं वाकते हे भाउजूला कसं कळतं, मी विचारलं नाही.

पिल्लू मी धरतो. यंदाचं चावतं.